तिसऱ्या दिवशी काढलेली झिल्ली

बाबा, आज लॅबमध्ये रिपोर्ट घ्यायला आलेल्या एका बाईनं विचारलं, नवऱ्याच्या जखमेवरची पट्टी उघडून पाहू का. मी नको म्हटलं. मग दिवसभर तुमचा पाय डोळ्यांसमोरून हलला नाही.

पोलाद कारखान्याजवळच्या आपल्या कोहक्याच्या घरात तुम्ही स्वयंपाकघरात बसला आहात, पाय स्टुलावर. फर्नेसवर वितळलेलं लोखंड उडून घोटा भाजला होता. डॉक्टरांनी त्यावर कोलॅजनची झिल्ली, कातडीसारखा पातळ पडदा, लावली होती. तुम्ही तिला पन्नी म्हणायचे. तिसऱ्या दिवशी तिच्याखाली पिवळं पाणी दिसलं. "स्लॅग जमून राहिला खाली," वितळल्या लोखंडावरच्या मळीचा भट्टीतला शब्द वापरून तुम्ही म्हणाले, "काढून टाक. लोखंडावर स्लॅग ठेवत नसतेत." आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "पाय हाय का तुमची भट्टी?" तुम्ही हसले. मी उकळलेलं पाणी आणि कापूस आणला, झिल्ली सोडवली आणि खालचं लाल दिसेपर्यंत पुसत राहिले. तुम्ही स्टुलाची कड धरून बसले होते.

पुढच्या दोन दिवसांत जखम चिघळली. झिल्ली कोणी काढली, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणाले, "मैंनेच निकाली साहब, खुजली हो रही थी." जखम भरायला महिने गेले. घोटा आखडला तो कायमचा. फर्नेसच्या पायऱ्या चढणं संपलं आणि तुम्हाला हजेरीच्या टेबलावर बसवलं. तुमचे ड्युटीचे बूट मात्र तुम्ही दर रविवारी पुसत राहिले.

मी पुढे लॅबचा कोर्स केला. इतकी वर्षं काचेवर पांढऱ्या पेशी बघून आता डोळे लवकर थकतात. त्यातल्या काही जखमेत आधी पोचतात आणि जंतू खातात. मागून मोठ्या पेशी येतात. त्या उरलेली सफाई करतात, आणि मग त्याच नवं मांस, नव्या रक्तवाहिन्या उभ्या करायला लावतात. झिल्ली म्हणजे या कामासाठी बांधलेला आधार. काम होत जातं तसं शरीर ती स्वतःच जिरवून टाकतं. त्या पिवळ्या पाण्यात तेच कामगार होते, बाबा. दुसरी पाळी यायच्या आत मी पहिली पुसून टाकली. भाजलं खोल होतं, तसंही पाय पूर्ण सुधारला असता की नाही, कोणी सांगू शकत नाही. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

शेवटच्या आजारपणातही तुम्ही म्हणाले होते, "माह्याच घाईनं गेला पाय. तुले काय मालूम होतं."

झिल्ली लावली त्या दिवशी तुम्ही पुढे जाऊन रिक्षात बसले होते. डॉक्टरांनी मला मागे बोलावून सांगितलं, सात दिन मत खोलना, पानी दिखे तो भी नहीं. मी मान हलवली होती. स्वयंपाकघरात ते ओठांवर आलं होतं, पण तुम्हाला नाही म्हणायची मला सवय नव्हती.

हा कागद आता घडी करून तुमच्या जुन्या गेट पासाच्या पाकिटात ठेवते. मला मालूम होतं, बाबा.