परकराची दुमड

एचएसआर लेआउट, बंगळूर

ती. आईस,

केतकीचा नमस्कार. आम्ही तिघंही बरी आहोत. माझा फोन आला की तिकडे बाबा स्पीकर लावतात, म्हणून हे कागदावर लिहितेय.

शमिकाची छाती भरायला लागली आहे. आठवं आत्ता कुठे लागलंय गं तिला! डॉक्टरबाईंनी हाताचा एक्स-रे काढला. हाडं दहा वर्षांच्या मुलीसारखी आहेत, म्हणाल्या. असंच चाललं तर पाळी लवकर येईल आणि उंची थांबेल. इंजेक्शनं सुरू केलीत. काळजी करू नकोस. दूध, चिकन, माझा स्वयंपाक, सगळ्यावर संशय घेऊन झाला.

तिला यातलं काही माहीत नाही. वर्गात सगळ्यांत उंच म्हणून रांगेत शेवटी उभी राहते, त्याचा केवढा तोरा!

तुझा गुडघा कसा आहे? मशीनवर फार बसू नकोस.

गौरी-गणपतीला शमिकाचा परकर तू दरवर्षी वाढत्या अंगाचा शिवतेस, खाली चार बोटं दुमड ठेवून. यंदा दोनच पुरे, असं लिहिणार होते. पण काल मी माप घेताना शमिका म्हणाली, "आजीला सांग, दुमड जास्त ठेव. मी बाबाएवढी होणारे."

आई, चार बोटंच ठेव.

तुझी,
केतकी