सासूबाईंचं मशीन आणि नातीची नऊ गाणी

ती. वन्संच्या पायांवर डोकं ठेवते (गुडघा वाकत नाही, म्हणून कागदावरूनच). तुमची कंबर कशी आहे? तुमच्या ह्यांना आता ऐकू येतं का, की अजून सोयीपुरतंच? इकडे सगळे बरे. अक्षर सांभाळून घ्या, चौथीत शाळा सुटली आणि हाताला सुई लागली ती लागलीच.

सासूबाईंचं शिलाई मशीन न्यायला रविवारी टेंपो पाठवते म्हणालात. मशीन तुमचंच, त्यात वाद नाही, अकरा वर्षं माझ्याकडे नुसतं सांभाळायला आहे. पण आधी आनंदाची बातमी ऐका. आपल्या नातीचा गाण्यांचा अल्बम झाला! इंडी आहे. (म्हणजे कुठल्या कंपनीचा नाही, सगळं आपलं आपण करायचं. मी म्हटलं, घरगुती शिवणच की. ती म्हणाली, हो आजी, तसंच.) गाणी ऐंशी-ब्याऐंशी सालच्या विलायती गाण्यांच्या वळणाची. तेव्हा तुमच्या भाच्याचे, म्हणजे हिच्या बापाचे, दुधाचे दातही पडले नव्हते. गिटार चमच्यांच्या डब्यासारखी किणकिणते, शब्द सगळे रडके, आणि तरी पाय हलतो. माझ्या माहेरी एक शेजारीण अशीच होती, रडतानाही भांडी तालात घासायची, पण ते असो.

आठ गाणी झाली आणि नवव्याला ड्रमवाला (एरवी नळ दुरुस्त करतो) रुसला. नात त्याला म्हणाली होती, "माणसासारखं वाजवू नकोस रे, यंत्रासारखं वाजव. तेव्हा तिकडे ठोके यंत्रच द्यायचं." तो म्हणाला, "मग यंत्रच आण!" आणि ड्रम उचलून चालता झाला. पोरगी मागच्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन डोळे पुसत बसली. दोन वर्षांचं काम एका गाण्यावर अडलं. मी काय करणार? पुढच्या खोलीत त्याच मशीनवर, तुम्ही शिवायला दिलेल्या पडद्याची कड शिवायला बसले. तर ती धावतच आली, मशीनखाली माईक सरकवला आणि म्हणाली, "आजी, थांबू नकोस!" वन्सं, या घरात हे मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

चार वेळा गाणं घेतलं. (तिसऱ्यांदा छान जमलं होतं, पण मी मध्येच चहा कोणाला हवा ते विचारलं.) आता अल्बमवर छापलंय, 'ठोके : सासूबाईंचं मशीन'. माझं नाव नाही, पण मला वाईट वाटलं नाही. सासूबाईंना गाण्याचा जन्मभर तिटकारा, आणि बघा कुठे पोचल्या.

पुढच्या रविवारी सभागृहात कार्यक्रम आहे. नववं गाणं शेवटी.

तुमची भावजय

ता. क. टेंपो जरूर पाठवा, फक्त एक रविवार उशिरा. मशीन सभागृहात न्यायला इथे कोणी तयार होत नाही.

ता. क. दुसरा : तुमचा एक पडदा तयार आहे. चारही वेळा तीच कड शिवली (थांबू नकोस म्हटलं होतं), त्यामुळे तो आता दांडीशिवाय उभा राहतो. दुसरा राखून ठेवलाय, तो मंचावर शिवेन. या, तिथूनच घेऊन जा.