काकांच्या पलंगाखालची बॅग

ती. वासुकाकांना,

हॉलंडमधल्या उइटहॉर्नहून अभिरामचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे मनातल्या मनात घातला आहे). तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमची सूनबाई सुनेत्रा नोकरीत खूश आहे, आमची लेक जुई शाळेत रमली आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र डचमध्ये येतं. बाकी इथे पाऊस आहे आणि त्याविषयी याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

काकूचा फोन आला होता. म्हणे त्रेसष्टाव्या वर्षी तुम्ही पुन्हा बहरीनला निघालात. तिने तुमच्या पलंगाखालची ती मोठी बॅग भंगारवाल्याला द्यायला काढली, तर तुम्ही बॅगेवर जाऊन बसलात ते भंगारवाला जाईपर्यंत उठलाच नाहीत. (गुडघा अशा वेळी बरोबर वाकतो!) तुमची समजूत काढायची कामगिरी माझ्या गळ्यात पडली, कारण मी सध्या द हेगमधल्या एका संस्थेत बसून नेमकं बहरीनच्याच लोकसंख्येचं काम करतोय.

काका, एकोणनव्वद साली "दोन वर्षांत येतो" असं सांगून तुम्ही देवरुखहून निघालात. तेव्हापासून त्या इवल्याशा देशाची लोकसंख्या तिपटीच्या वर गेली. त्यात निम्म्याहून जास्त माणसं बाहेरची. वयानुसार आलेख काढला की तिशी-चाळिशीतल्या पुरुषांचं पोट एका बाजूला असं काही सुटतं, की आमची बॉस मारायके हिला आधी माझीच चूक वाटली. चूक नव्हती. त्या पोटात इतकी वर्षं तुम्ही होतात. परवा बहरीनहून आलेल्या पाहुण्यांसमोर मी तो आलेख मांडला, तेव्हा मारायकेने विचारलं, साठीनंतर ही माणसं जातात कुठे? मी ऐटीत म्हणालो, घरी! सगळ्यांनी समाधानाने माना डोलावल्या आणि कॉफी आली. माझी मात्र कपात तशीच राहिली, कारण मला तुम्ही दिसत होतात. स्वतःपुरता चहा करून स्वतःपुरता कप विसळणारे, स्वतःच्या घरात फ्रिज उघडण्याआधी काकूला विचारणारे. सुदर्शन तर तुमच्या पोटचा मुलगा, पण तुमच्याशी बोलतो ते बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं. मला या सगळ्याचं फार वाईट वाटतं, काका.

म्हणूनच हात जोडून सांगतो, जाऊ नका. बहरीनच्या त्या बेटाला तुमची उणीव भासलेली नाही. तुमच्या जागी दुसरा कुणीतरी आला आणि आमचा आलेख तसूभरही हलला नाही. काकूला मात्र तुमची उणीव तीस वर्षं भासली. आता तिला तुमची सवय व्हायला वेळ लागेल, तो तिला द्या. आणि ती बॅग देऊन टाका.

तुमचा,
अभिराम

ता. क. इथवरचं काकूला मोठ्याने वाचून दाखवा. यापुढचं नको.

ता. क. २. आमचं प्रोजेक्ट मार्चमध्ये संपतंय. त्या पाहुण्यांना माझं काम आवडलं, बहरीनला, मनामात नोकरी देताहेत. सुनेत्राची नोकरी इथे, जुईची शाळा इथे, त्यामुळे एकट्यालाच जावं लागेल. सुनेत्राला अजून सांगितलेलं नाही. तिकडे बरीशी खोली कुठे मिळेल, आणि सुरुवातीला संध्याकाळी माणूस करतो काय, तेवढं कळवा.

ता. क. ३. दोन वर्षांचाच प्रश्न आहे. बॅग कुणाला देऊ नका.