ऑरिनदादाचे हात

पाइन ब्रुक, ९ मे १८७१

ती. ऑरिनदादास,
सा. न. वि. वि.

वर्तमानपत्र वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. म्हणे, टोप्या करणारे आमदार विधिमंडळात झिंगून भाषणाला उभे राहिले. हात लटपटत होते, जीभ अडखळत होती! दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाबद्दल असं लिहायला त्या मेल्याला लाज कशी वाटली नाही? आपल्या गावात ज्याचे हात थरथरत नाहीत, त्याला कोणी टोप्यांचा कारागीरच समजत नाही.

त्यात आपल्या चर्चचे कारभारी, डीकन ट्रेडवेल, चर्चच्या सभेत तुझ्यावर दारूबाजीचा आरोप ठेवणार आहेत. कबुली दिली नाहीस, तर चर्चमधून तुझं नाव काढणार.

खोकला कसा आहे? रागावले असले तरी लोभ आहेच.

तुझी,
केझाया

हार्टफर्ड, १३ मे

चि. सौ. केझायास,
अनेक आशीर्वाद.

पत्र इतकं तापलेलं होतं की हातात धरवेना! आता माझं ऐक आणि मग हवी तेवढी चीड. टोपीसाठी सशाची लव पाऱ्याच्या पाण्यात भिजवतात, त्याच्या वाफेनं हात कापायला लागतात, म्हणून कारखान्यांना खिडक्या सक्तीच्या करा, एवढंच मी सांगत होतो. नंतर पक्षाचे पुढारी आले. म्हणाले, एक पेला जास्त झाला असं सांगून टाक, लोक माफ करतील. पाऱ्याचं नाव काढलंस तर मालक मंडळी करणार नाहीत. म्हणजे धडधडीत खोटं बोलून मी सज्जन ठरायचं! मी साफ नाही म्हटलं.

चर्चमधून नाव गेलं तर गेलं, असं लिहिणार होतो. लिहवत नाही. तिथल्याच बाकावर मी आईच्या मांडीवर बसायचो.

तुझ्या नवऱ्याला सांग, सभेत माझी बाजू घेऊ नकोस. तो कामाला आहे तो कारखाना डीकनचाच आहे. तूही गप्प राहा.

तुझा,
ऑरिन

पाइन ब्रुक, २३ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं नेथननं ऐकलं, मी ऐकलं नाही. सभेत बायकांनी तोंड उघडायचं नसतं, ठाऊक आहे. पण डीकन आरोप वाचायला उभे राहिले आणि कागद त्यांच्या हातात फडफडायला लागला. मालक होण्याआधी तेही पाऱ्याच्या कढईवरच कामाला होते ना! मला राहवेना. उठले आणि विचारलं, की डीकनसाहेबांनी आज सकाळी कितीशी घेतली?

कोणी हसलं नाही. पुरुष आपापल्या हातांकडे बघत बसले. डीकन कागद खिशात घालू लागले, तो जाईना. शेवटी त्यांच्या बायकोनं उठून काढून घेतला. आरोप तिथंच संपला.

सोमवारी नेथनला कामावरून काढलं. तो दुःखात आहे, मी संतापात. तू पुन्हा भाषणाला उभा राहा, दादा, आणि हात लपवू नकोस.

तुझीच,
केझाया