ह्यांची रंगाची बंदूक

४ मार्च, उदगीर
दिवाळीत डाळमिल बंद केल्यापासून हे आज पहिल्यांदा मागून घेऊन जेवले. कारण बंदूक. रंगाच्या गोळ्यांची, खेळातली. गावाबाहेरच्या आपल्या पडीक रानात पेंटबॉलचं मैदान करायचं म्हणतात. आधी एकच घ्यायची, शिकायची, मग बाकीच्या.
"जिल्हा झाला की हापिसं येतील. हापिसातली माणसं रविवारी करतील काय?"
उदगीर जिल्हा होणार, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते. जेवू देत.

७ मार्च
हैदराबादहून आणली. दुकानदार बॅटरीवाली, महागातली गळ्यात मारत होता. ह्यांनी साधी घेतली. "मिल चालवलीय मी. सुटे भाग जेवढे कमी, तेवढी दुखणी कमी." तूर पारखावी तशी उलटीपालटी करून, वास घेऊन निवडली म्हणे. वास!
सासूबाई : "मन्मथा, नातवंडं खेळवायच्या वयात बंदूक रे?"
हे : "नातवंडं आली की त्यांलाबी देतो."

९ मार्च
माझी शिकवणी झाली. नळीला टोपण हवंच. तोंडाला मुखवटा. उघडायची तर आधी गोळ्या आणि गॅसची टाकी काढायची. गोळी आत फुटली तर कोरड्या फडक्यानं पुसायचं. टँकर दहा दिवसांनी येतो, धुणंबिणं विसरा. आत रबराची बारीक वायसरं, त्यांना तेलाचे दोन थेंब. सोबत मिळालेली बाटली अत्तराच्या कुपीएवढी.
परसात पोत्यावर मारून पाहिली. निळा डाग. हे मोठ्यानं हसले. मी आत जाऊन उगाच भांडी लावत बसले.

१२ मार्च
हे लातूरला, गॅस भरायला. मी बंदूक पुसून ठेवली. कुपी संपत आलेली, म्हटलं पुरवावी. घरचं करडीचं तेल घातलं, सढळ हातानं. शिलाई मशीनला, कडीकोयंड्याला, आमच्याकडे सगळ्याला तेच. त्यांना न सांगता त्यांचं काही केलं की बरं वाटतं मला.

२० मार्च, रविवार
बँकेतले चौघं रानात बघायला आले होते. पसंत पडलं तर दर महिन्याला येऊ म्हणाले होते. हे पहाटेपासून तयार. दोन गोळ्या सरळ गेल्या. तिसरीला नुसतं फुस्स. मग गॅसच गळायला लागला.
त्यांच्यातला एक म्हणाला, "मन्मथप्पा, बंदुकीलाबी दुष्काळ लागला जणू!"
सगळे हसले. हेही, डोळे सोडून.
घरी येऊन बंदूक कपाटावर टाकली. "मिल सांभाळता आली न्हाई. ही तर एक नळी होती." जेवले नाहीत.

२१ मार्च
हे बाहेर गेल्यावर उघडून पाहिली. आत पिवळट, चिकट, डिंकासारखं. वायसरं फुगलेली. माझंच तेल, उन्हानं आळलेलं.
नाही सांगितलं तर स्वतःचाच हात वाईट समजत राहतील. सांगितलं तर... दिवाळीनंतरचे ते दिवस. पंख्याकडे बघत बसणं. पुन्हा तसं...

२२ मार्च
चहा देताना सांगितलं.
"करडीचं?"
"हाव."
"किती?"
"बरंच."
ह्यांनी कपाटावरच्या बंदुकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगं, बंदूक हाय ती. लेकराची टाळू न्हाई."
आणि ती काढून ओसरीवर घेऊन बसले. काडीनं खरवडत होते, मी फडकं धरून. दोन वायसरं वाचली, तिसरं चिरलं. हैदराबादला फोन केला. पंधरा दिवस लागतील. बँकवाल्यांना फोन केला नाही. करणार का, मीही विचारलं नाही.
जरा वेळानं उठून चपला घालायला लागले.
"अहो, एवढ्या उन्हात कुठं?"
"रानाकडं. काटे लई झालेत. येतीस?"
चहा तसाच राहिला. मी डोक्यावरून पदर घेतला.