जिंकलेल्याने गाव सोडायचं नाही

रवि., ७ सप्टें.
ओरगडमच्या प्लँटला सुट्टी. दुपारी मैलापूरच्या बारमध्ये पूल खेळलो. थॉमस नावाचा म्हातारा टेबल धरून होता, त्याला हरवलं. गडी रडायलाच लागला. माझे हात धरून आभार मानले, खुर्चीखालची बॅग उचलली नि थेट कोल्लमला, आपल्या गावी निघाला. बाकीच्यांची एक टाळी नाही. विचित्रच लोक.
बायकोला, मुग्धाला फोन. तिला सातवा महिना लागला. म्हटलं, पुण्याच्या बदलीचं पत्र आलंच समज.

रवि., १४ सप्टें.
बदली अडली. माझ्या जागी येणारा ऐन वेळी नाही म्हणाला.
बारमध्ये समोर रघुनाथराव. तंजावरी मराठी, बँकेतून रिटायर. हात सुंदर, पण ज्यावर डाव जिंकतात तो शेवटचा काळा चेंडू भोकाच्या तोंडाशी असताना चुकवला. मुद्दाम! का, विचारलं.
"मला मुलीकडं त्रिचीला जायचं असतं रे राजा. इथं जिंकला तो हरल्याशिवाय गांव सोडत नाहीं. थॉमस थोड्या दिवसांच्या कामाला आला होता. म्हातारा झाला इथंच."
हसलो. थापा मारायला यांना गिऱ्हाईक हवंच.

शनि., २० सप्टें.
तिकीट काढून विमानतळावर. रांगेत असतानाच प्लँटचा फोन, लाइन बंद पडली, या. परत.
मुग्धा फोनवर नुसती रडली. आज हसू येत नाही.

रवि., २८ सप्टें.
रघुनाथरावांशी हरायलाच गेलो. काळ्याबरोबर मारायचा पांढराही भोकात घातला. पुण्यात एवढ्यावर गेम हरतात. इथे काळा परत जागेवर ठेवतात नि खेळ चालू! "ह्या घरचा नियम," रघुनाथराव.
मग चुकावा म्हणून डोळे मिटून मारला. काळा कडांना आपटत आपटत, कुणी हाक मारल्यासारखा, भोकात. भिंतीजवळच्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ऐकू आला. भीती वाटते. स्पष्टच लिहितो, फार भीती वाटते.
निघताना रघुनाथराव: "नवा माणूस आण. ठाऊक नसलेला."
"सांगायचं नाही त्याला?"
"सांगितल्यावर कोण जिंकेल? थॉमसनं तुला सांगितलं काय?"

शनि., ४ ऑक्टो.
प्लँटला सांगलीची रेणुका रुजू. कॉलेजात पूलची चँपियन म्हणे. कँटीनमध्ये मराठी ऐकून खूश. "दादा, दिवाळीपर्यंतचंच काम आहे. आई एकटी असते घरी."
उद्या खेळायला येतेस का, विचारून बसलो.
का विचारलं? माहीत आहे का विचारलं.

रवि., ५ ऑक्टो.
सकाळी मुग्धाचा फोन. पाय सुजलेत, बी.पी. वाढलंय, डॉ. दाखल व्हा म्हणतात. "तू येणार आहेस की नाही, एकदाच सांग."
बारमध्ये रेणुकाला बघून सगळे उठून उभे राहिले. रघुनाथरावांनी तिला खेळायला स्वतःची क्यूची काठी दिली, नि माझ्याकडे बघणं टाळलं.
माझ्यासमोर पोरगी जबरदस्त खेळते. तिचे सगळे चेंडू भोकात गेले, फक्त काळा उरला, तोही भोकाशी. वाकली. परत सरळ झाली.
"दादा, इथले नियम काही वेगळे आहेत का? प्रत्येक ठिकाणी काहीतरी असतंच."
आलोच म्हणून टॉयलेटमध्ये येऊन हे मोबाइलवर लिहितोय. बाहेर चेंडूचा आवाज नाही. ती माझ्या उत्तरासाठी थांबली आहे.