जड नाव

सोमवार, ६ जुलै

टेबलाखाली घुसून तार जोडत होते, तेवढ्यात पाक सुगेंग आले आणि माझ्या तळपायांशीच बोलू लागले. म्हणाले, सेमारांग शहरातून कोणी मोठी इंजिनीयर येणार म्हणत होते, ती हीच का, की ही उंदीर पकडायला बोलावलेली बाई? मी आतूनच म्हटलं, आधी उंदीर, मग इंजिनीयरिंग. ते हसले आणि चहाचा पेला टेबलाखाली सरकवला. चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

कालिजेरो गाव तंबाखूच्या शेतांच्या उतारावर आहे. सकाळी खिडकीतून धुकं आत येतं आणि कोणी त्याला हाकलत नाही. नोंदणी कार्यालयात आम्ही तिघं: प्रमुख बू एंडांग, एकतीस वर्षं हातानं नोंदवह्या लिहिणारे पाक सुगेंग, आणि सहा महिन्यांच्या करारावर मी, रेत्नो. वडीलधाऱ्यांना मी पाक, बू म्हणते; गाव मला म्बाक, म्हणजे ताई म्हणतं. माझं काम साधं आहे. लोक स्क्रीनवरच्या फॉर्मात जे देतील ते ब्राउझरमधून उचलायचं, मागच्या खोलीतल्या सर्व्हरपर्यंत न्यायचं, तिथल्या तक्त्यात ठेवायचं, आणि मागितलं की तसंच्या तसं परत आणायचं.

पाक सुगेंगना मी खानावळीचं उदाहरण दिलं. गिऱ्हाईक स्वयंपाकघरात शिरत नाही. वाढपी चिठ्ठी नेतो, ताट आणतो. त्यांनी विचारलं, वाढप्यानं वाटेत चिठ्ठी बदलली तर? मी म्हटलं, हा वाढपी मी लिहिलाय, तो नाही बदलणार.

चार वाजता पहिला शब्द पाठवला, सोयाबीनच्या वडीचं नाव: टेम्पे. क्षणात परत आला: टेम्पे. बू एंडांगनी टाळ्या वाजवल्या. पाक सुगेंग म्हणाले, तळलेलं नाही आलं, कच्चंच आलं.

बुधवार, ८ जुलै

जुन्या वह्या यंत्रात चढवते आहे. काही नावांवर पांढऱ्या कागदाची पट्टी भाताच्या खळीनं चिकटवलेली आहे आणि पट्टीवर दुसरं नाव. प्रथा मला नवी नाही. मूल सारखं आजारी पडायला लागलं की नाव जड झालं म्हणतात, तांबडी-पांढरी खीर शेजारी वाटतात आणि मुलाला हलकं नाव देतात. जुनं पुन्हा कोणी उच्चारत नाही. पट्टी मात्र मी पहिल्यांदाच पाहिली.

एकूण एकोणीस पट्ट्या. पान खिडकीच्या काचेवर धरलं की खालचं नाव दिसतं. मी तक्त्यात एक रकाना वाढवला, 'पूर्वीचं नाव', आणि एकोणीसही उतरवून घेतली. पाक सुगेंगनी वही माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाले, पोरी, झाकलेलं ते झाकलेलं. मी म्हटलं, यंत्रात काही हरवू नये यासाठीच तर मला पगार आहे. बू एंडांग माझ्या बाजूनं बोलल्या. पाक सुगेंगनी मग कागदात बांधलेला गरम मेंदोआन, पिठात तळलेलं टेम्पे, आणून दिला.

एकोणीसपैकी अठरा जण केव्हाच वारलेले. एकोणिसावी पट्टी नवी आहे, दोन वर्षांपूर्वीची, पाक सुगेंगच्या अक्षरातली. खाली: चक्रनिंग्रुम. वर: पोनिरा. वय सात.

सोमवार, १३ जुलै

शाळाप्रवेशाचे दाखले. रांग रस्त्यापर्यंत. तंबाखू खुडणाऱ्या बू तुमिनी मुलीला कडेवर घेऊन आल्या. मुलगी गोबरी, बडबडी. माझ्या माऊसला शेपूट आहे म्हणून हसत सुटली. मी म्हटलं, चावत नाही, हात लाव. तिनं लावला.

मी फॉर्मात 'पोनिरा' लिहिलं, दाखला छापला, दिला. तुमिनींनी तो वाचला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि अगदी हळू विचारलं, म्बाक, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

दाखल्यावर चक्रनिंग्रुम होतं.

माफी मागितली. पुन्हा छापला, तो बरोबर आला. रकाने आपसात बदलले असणार. माझीच चूक. जाताना मुलगी आईच्या खांद्यावर झोपली होती.

मंगळवार, १४ जुलै

तुमिनी परत. शाळेनं स्क्रीनवर बघितलं, तिथं जुनंच नाव. गुरुजींनी ते काल भर वर्गात मोठ्यानं वाचलं. मुलीला रात्रीपासून कणकण आहे.

दिवसभर शोधलं. नाव वाटेत पाच ठिकाणी थांबवून तपासलं. फॉर्मात: पोनिरा. ब्राउझरमधून निघताना: पोनिरा. सर्व्हरच्या दाराशी: पोनिरा. तक्त्यात: पोनिरा. तक्त्यातून परत निघताना: चक्रनिंग्रुम.

ठेवलं एक, उचललं दुसरं. या दोन्हींच्या मध्ये माझी एक ओळही नाही. तिथं काही घडायला जागाच नाही. ब्राउझरनं साठवलेलं सगळं पुसलं, दुसऱ्या यंत्रावरून पाहिलं, सर्व्हर बंद करून चालू केला. तेच. पाक सुगेंग म्हणाले, वाढपी तुझा असेल, स्वयंपाकघर तुझं आहे का?

गुरुवार, १६ जुलै

तुमिनी एकट्याच आल्या. ताप उतरत नाही. मुलीला कडेवर घेता येत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीही जेवला नसाल, अंगात ताकद कुठून येणार? त्यांनी मान हलवली. माझं काही झालं नाही म्बाक, पोर जड झालीय.

जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या घरी गेले. बांबूची बाज मधोमध वाकलेली. तीन दिवसांत मुलगी वाळली आहे, मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. ते मनगट मला चादरीवरून उचलता आलं नाही. दोन्ही हात लावले तरी नाही.

आरोग्यसेविका काटा घेऊन आली होती. पोनिराला त्यावर ठेवायला पाच माणसं लागली. काट्यावर शहाऐंशी किलो. सेविका म्हणाली, काटा बिघडलाय. आणि काटा तिथंच टाकून गेली.

परत आले तेव्हा पाक सुगेंगनी मला खुर्ची ओढून दिली. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

शुक्रवार, १७ जुलै

तो रकानाच उडवला. राखीव प्रतीही पुसल्या. अठरा नावं यंत्रातून गेली ती गेली. फॉर्म उघडला, आणि मी काही मागण्याआधीच पानावर आलं: चक्रनिंग्रुम.

सर्व्हर आपणहून बोलत नाही. विचारलं तरच उत्तर देतो. मी तसंच लिहिलंय.

बू एंडांग म्हणाल्या, सेमारांगला पत्र टाकू, वरचे लोक बघतील. मी म्हटलं, वरच्यांना चढून यायला तीन आठवडे लागतात, पोरीजवळ तेवढे नाहीत. त्या म्हणाल्या, मग तू काय करणार आहेस? मला माहीत नव्हतं. तरी म्हटलं, परत करणार. जिथून काढलं तिथं.

सोमवार, २० जुलै

बाज मोडली. पोनिराला जमिनीवर निजवलंय. श्वास घेताना छाती कशीबशी वर येते. तुमिनी 'पोनिरा, पोनिरा' करतात, ती ओ देत नाही. दुपारी डोळे मिटलेले असताना तिनं स्वतःच ते जुनं लांब नाव घेतलं.

फॉर्मात नावाखाली एक चौकट उगवली आहे. मी काढलेली नाही. पानाच्या कोडमध्ये तिची एकही ओळ सापडत नाही. चौकटीवर लिहिलंय: कोण उचलेल?

तार उपटली. चौकट तशीच.

बरं. विचारतोसच तर.

मंगळवार, २१ जुलै

लिहिलं: कोणी नाही. परत आलं: पोनिरा.

लिहिलं: कालिजेरोचा डोंगर. परत आलं: पोनिरा.

अठरा मेलेल्यांची नावं, वहीतून, एकेक. अठरा वेळा: पोनिरा.

पाक सुगेंग माझ्या मागे उभे होते. म्हणाले, माझं टाक. माझी पाठ तशीही कामातून गेलीय. मी म्हटलं, पाक, तुम्ही झाकलं होतंत. उघडलं मी. ते म्हणाले, असली हट्टी कार्टी आमच्याकडे असती तर दहा वर्षांपूर्वीच लग्न लावून घालवली असती. मी म्हटलं, म्हणून तर सेमारांगला जन्मले. ते हसले नाहीत. मीही नाही.

बुधवार, २२ जुलै

लिहिलं: रेत्नो.

परत आलं: मिळालं.

तासाभरात तुमिनी धावत आल्या. मुलगी उठून बसली. भात मागितला. दोन वाटी खाल्ला, वर मासळीही मागितली. तुमिनी माझे हात धरायला गेल्या आणि थबकल्या. माझे हात त्यांना टेबलावरून उचलता आले नाहीत.

मी म्हटलं, काही नाही. झेपेल मला.

गुरुवार, २३ जुलै

पायरीचं लाकूड चिरलं. चपलेचा अंगठा तुटला. पेन कागदातून आरपार जातं, म्हणून हळू लिहिते.

चौकटीच्या जागी नवी ओळ आली आहे. धारक: रेत्नो. नसल्यास: पोनिरा.

'नसल्यास' मी हजारदा लिहिलंय. पहिलं सापडलं नाही तर दुसरं घे. म्हणजे त्या नावाला माझ्यावर बसून राहायचं नाही. मी नसायला हवी आहे. रेत्नो म्हणून कोणी उरलं नाही, की ते पुन्हा पोरीकडे.

चहाला बू एंडांगनी मला लांब नावानं हाक मारली. त्यांना स्वतःला कळलंही नाही. मी ओ दिली नाही. तीनदा मारली. चहा निवून गेला. निवू दे.

शुक्रवार, २४ जुलै

नमाजासाठी सगळे अकराला गेले. आता थेट सोमवारी उघडायचं. मी म्हटलं, जरा काम आहे, कुलूप मी लावते. सकाळपासून खुर्चीतून उठता आलेलं नाही, हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाक सुगेंग आपलं नाव लिहून बसले असते.

स्क्रीनवर एकच प्रश्न. तुझं नाव काय?

रेत्नो.

तुझं नाव काय?

रेत्नो.

दोन तास हेच. मोजणं सोडलं. त्याला वाटतं मी कंटाळेन. मी कोडमधल्या एका स्वल्पविरामासाठी आठवडा घालवलेली बाई आहे. विचार.

कळफलक फुटला. बोटं खाली गेली ती — मग वहीत लिहीन. तू वाचतोस ना इथंही. वाच.

रेत्नो

रेत्नो

खाली फरशी तडकते आहे — खुर्चीचा एक पाय गेला — बसू दे. रस्ता मी बांधलाय. यावरून काय जायचं ते मी —

आता तोंडात आहे. जिभेवर. दगडासारखं, लांब. जीभ आपोआप वळते — दात आवळले — म्हणणार नाही. पोरीनं भात खाल्लाय. म्हणणार

रेत्नो

रेत्

शनिवार, २५ जुलै

ही नोंद मी, सुगेंग, करतो आहे. सकाळी सात वाजता दाराला कुलूप दिसलं नाही, म्हणून ढकलून आत आलो. खुर्चीचे चारही पाय फरशीत वीतभर रुतले होते. रेत्नो खुर्चीत ताठ बसली होती. श्वास चालू होता, दात आवळलेले होते. तंबाखूच्या गोदामातून सहा जण आणले. खुर्ची हलली नाही. डॉक्टरला निरोप गेला आहे.

फॉर्म उघडून पाहिला. पोनिराचं नाव पोनिरा असंच आलं. खालची 'धारक: रेत्नो' ही ओळ अजून आहे.

मी तिला रेत्नो म्हणून हाक मारली. तिनं डोळे उघडले. मिटू लागले तेव्हा पुन्हा मारली. पुन्हा उघडले. तेव्हापासून तिला त्या नावानं हाका मारत राहायच्या आम्ही पाळ्या लावल्या आहेत. आत्ता बू तुमिनी बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर पोनिरा आहे, आणि तीही हाका मारते आहे.